पोपट छाप, एक पॉइंट दोन

अकोला
३ नोव्हेंबर २०२५

चि. नितेश,

आशीर्वाद. तुझ्या आईकडून कळलं की तू सध्या अमरावतीत आहेस, बँड पार्टीचे स्पीकर सांभाळतोस, आणि तुझा मोबाईल त्या बँडच्या गाडीखाली येऊन पापडासारखा झाला. पहिल्या बातमीचं आश्चर्य नाही, दुसरीचा आनंद आहे. मला जे काम सांगायचं आहे ते फोनवर सांगण्यातलं नाही. पेशंटचं नाव मोबाईलवर गेलं की गावभर जातं. तेव्हा कागदावर लिहीत जा आणि पाकीट चिकटवून पोस्टात टाक.

काम असं. वीस वर्षांपूर्वी मी अमरावतीत एका धर्मादाय दवाखान्यात सर्जन होते. मार्च २००५ मध्ये शकुन नावाची एकोणतीस वर्षांची बाई आली. तिला तीन वर्षं आधी नागपुरात किडनी बसवली होती, तीही सासूची. (हो, सासूची. परवानगी देणाऱ्या कमिटीनं सासूला विचारलं, "बाई, तुमच्यावर कोणाचा दबाव?" ती म्हणाली, "मीच सगळ्याइले दबाव देतो.") आता शकुनच्या स्तनात गाठ होती. कॅन्सर.

परक्या माणसाची किडनी अंगानं बाहेर फेकू नये म्हणून तिला तीन गोळ्या चालू होत्या. त्या गोळ्या अंगातल्या राखणदारांना झोपवतात. राखणदार झोपले की कॅन्सरचं फावतं. गोळ्या चालू ठेवाव्यात तर कॅन्सर वाढणार, बंद कराव्यात तर किडनी जाणार. मी गाठ काढली आणि तीनपैकी दोन गोळ्या बंद केल्या. सासूबाई, म्हणजे पार्वताबाई, वॉर्डात कडाडली, "माही किडनी काय रस्त्यावर सापडली होती?" आणि आठव्या दिवशी सुनेला घेऊन गेली. ऑगस्टात मी इंग्लंडला गेले. पुढं शकुनचं काय झालं, मला माहीत नाही. नागपूरचे डॉक्टर वारले, त्यांचे कागदही गेले.

१४ डिसेंबरला अमरावतीत माझं भाषण आहे. चाळीस वर्षांच्या कामाचं, आणि शेवटचं. त्यात शकुनच्या केसपुढे एकच ओळ आहे: 'पुढे माहिती नाही.' ती मला खोडायची आहे. ती जिवंत आहे की नाही, एवढंच शोधून काढ.

आठवतं ते इतकंच: अचलपूरकडची, घरची संत्र्याची बाग. दवाखान्यात जाऊन जुनं रजिस्टर बघ. आजाराचं नाव कुणापुढेही काढायचं नाही. आणि वाटेत मिरवणूक दिसली तर डोळे मिटून घे.

तुझी
मंजुषाआत्या


अमरावती
८ नोव्हेंबर

ती. आत्याबाई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. बसलोय दोन स्पीकरच्या मधात, इथं आडवं व्हायला जागा नाही.

दवाखान्यात गेलो. म्हणजे मंगळवारीच जाणार होतो, पण राजकमल चौकात एक माणूस गाढवावर फ्रिज घेऊन चालला होता. त्याच्यामागं कोण जाणार नाही, तूच सांग. बुधवारी गेलो.

रजिस्टरचं असं आहे की २००१ ते २००९ वाळवीनं वाचून काढलंय. पुठ्ठे शिल्लक आहेत. ऑफिसातली बाई म्हणाली, "पुठ्ठे पाहिजे का?" मी नको म्हणालो. चूक झाली का?

मग मागच्या आवारात सूर्यभानजी भेटले. इथले वॉचमन, वय सत्तरच्या पुढं. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण दवाखान्याला सांगायचं राहून गेलं असं ते म्हणतात. खोली मागंच आहे, ते आणि त्यांच्या चार बकऱ्या. मी पोचलो तर एक बकरी व्यायला आलेली. सूर्यभानजी म्हणाले, "डॉक्टर हायेस काय?" मी म्हटलं, माझी आत्या आहे. "मंग पाय धर," म्हणाले. धरले. दोन पिल्लं झाली आत्या, एक पांढरं, एक काळं! काळ्याचं नाव मी ठेवलं आहे, पण ते तुला सांगणार नाही, कारण ते तुझं आहे.

ह्या गडबडीत दुसऱ्या बकरीनं तुझ्या पत्राचा कोपरा खाल्ला. गोपनीय मजकूर होता. पण बकरी कोणापुढं काढेल असं वाटत नाही.

बकऱ्यांचा कोठा मात्र बघण्यासारखा आहे. सगळा संत्र्याच्या लाकडी पेट्यांचा. पेट्या खोलून फळ्या ठोकल्यात, काही अख्ख्याच रचल्यात. प्रत्येकीवर लाल पोपट छापलाय, मान वाकडी, आणि खाली लाल रंगानं आकडा. १.२, १.३, असे. मी विचारलं हे काय. सूर्यभानजी म्हणाले, "नंबर एकचा माल हाये, म्हून एकच्या पुढचं लिवतेत." बरोबरच असेल. संध्याकाळी उन्हात ते सगळे पोपट असे चमकतात की वाटतं आता उडतात.

एकूण कामाचं काही सापडलं नाही. माफ कर. आता अचलपूरला जाऊन 'पार्वताबाई' अशी हाक मारून बघतो.

एक विचारू? आई म्हणते तू चाळीस वर्षं उंदरांना चामडी चिकटवली. खरं का?

तुझा
नितेश


अकोला
११ नोव्हेंबर

नितेश,

कुठंही जाऊ नकोस. बकऱ्या बाहेर काढ.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग गॅसवरचं दूध गेलं. मालाच्या दर्जाला १.२ असं कोणी लिहीत नाही रे! तो आकडा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आहे. किडनी नीट काम करते की नाही हे त्यावरून कळतं. कमी असला तर बरा, दोनच्या वर गेला की घाबरायचं. घरी जाताना मी शकुनला सांगितलं होतं, "दरवर्षी परतवाड्याला रक्त तपास आणि आकडा मला कळव." मला वाटलं तिनं ऐकलंच नाही. अगं बाई! तिनं पेटीवर रंगवून पाठवला असेल तर?

एकेक पेटी तपास. आकडा लिही, साल सापडलं तर साल लिही, आणि त्या पेट्या दवाखान्यात कशा आल्या ते विचार.

उंदरांचं खरं आहे. पांढऱ्या उंदराला काळ्या उंदराच्या चामडीचा नखाएवढा तुकडा लावायचा. दहा दिवसांत त्याचं अंग तो गाळून टाकतं. संत्र्याचं झाड असं करत नाही. आपल्याकडे जंबेरीच्या, म्हणजे आंबट लिंबाच्या जातीच्या, रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधतात, जंबेरी कुरकुर न करता दुसऱ्याच्या पोराला वाढवते. अंगाचं तसं नाही, अंगाला राखणदार असतात. ते परक्याला ओळखतात आणि हाकलतात. पण कॅन्सर हा घरातलाच असतो, घरचेच कपडे घालून फिरतो, त्याला ते सलाम ठोकतात. परक्या किडनीला कसं राहू द्यायचं आणि घरच्या चोराला कसं पकडायचं, हा एकच प्रश्न मी दोन टोकांनी धरला. एवढीच माझी नोकरी.

आणि काळ्या पिल्लाला माझं नाव दिल्याबद्दल तुझ्याशी नंतर बोलेन.

मंजुषाआत्या


अमरावती
१५ नोव्हेंबर

आत्याबाई गं,

बस खाली. दूध आधी उतरव.

सूर्यभानजींची अट होती की कोठा खोलायचा तर संध्याकाळच्या आत परत उभा करायचा. मी आमच्या बँडची सगळी मंडळी घेऊन गेलो. ट्रम्पेटवाल्यानं खिळे काढले, ढोलवाल्यानं बकऱ्या धरल्या. पेशंट खिडकीत जमले, एकाला वाटलं लग्न आहे. त्याचा हिरमोड नको म्हणून दोन गाणी वाजवली. तिसऱ्याला सिस्टर आल्या.

साल प्रत्येक पेटीवर आहे, आतल्या बाजूला, पेन्सिलनं! बघ:

२००५ ला १.६. मग १.४, १.३, १.३, १.२, १.२. २०११ ला २.३ (इथं मी घाबरलो). २०१२ ला १.५. २०१३ नाही. मग १.३, १.२, १.२, आणि तिथून गेल्या दिवाळीपर्यंत १.२ आणि १.३ ह्यांच्यातच ये-जा. एकोणीस पेट्या. २०१३ ची शेकोटीत गेली. सूर्यभानजी म्हणाले, "त्या साली थंडीच तशी होती, मी काय करू?"

आता ह्या आल्या कशा ते त्यांच्याच तोंडून ऐक. मी लिहून घेतलं.

"दिवाळी झाली का आठ-पंधरा दिवसांत परतवाड्याच्या गाडीनं पेटी ये. कंडक्टर म्हणे, डॉक्टरीण बाईले द्या. मी पहिल्या साली म्हतलं, बाई तं विलायतले गेल्या. तो म्हणे, मंग परत नेऊ काय, सडून जाईन माल. म्हतलं ठेव. वॉर्डात वाटली सगळी, देवाशपथ, मी दोनच खाल्ली."

"अन् दरवर्षी?"

"दरवर्षी दोनच."

"कळवलं नाही का त्यांना, बाई नाहीत म्हणून?"

"कळवलं ना! कंडक्टरजवळ निरोप देतो दरसाल."

"काय निरोप?"

"का पोचली, गोड होती."

आत्या, वीस वर्षं! "पोचली, गोड होती." मी म्हटलं, सूर्यभानजी, असं काहून सांगितलं? तर माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच येडा. "आता कोणी इतक्या दुरून फळं पाठवली तं पोचली म्हणू नाई काय? अन् आंबट म्हणू काय?"

ह्यावर मी खिळे ठोकायला घेतले. तुला उत्तर सुचलं तर लिही.

कोठा परत बांधला. पहिल्यापेक्षा थोडा वाकडा झालाय, पण ढोलवाल्यानं दाराला झालर लावली.

आता एक गोष्ट, जी मी वर लिहायला पाहिजे होती पण लिहवली नाही. ह्या वर्षी पेटी आलेली नाही. दिवाळी होऊन महिना होत आला. सूर्यभानजी रोज परतवाड्याच्या गाडीची वेळ झाली की गेटवर जाऊन उभे राहतात. वीस वर्षांत असं कधी झालं नाही म्हणतात. काल कंडक्टरला विचारलं, तो नवा आहे, त्याला पेटी माहीत नाही.

नितेश


अकोला
१८ नोव्हेंबर

नितेश,

जा. पोपटाचा ठसा एका कागदावर उतरवून घे आणि अचलपूर-परतवाड्याला जा. ठसा विचार, आजार नाही.

मी आज दिवसभर ते एकोणीस आकडे कागदावर मांडून रेघ ओढली. २०११ चा उंचवटा सोडला तर इतकी सरळ रेघ मला इंग्लंडच्या प्रयोगशाळेत कधी मिळाली नाही. वर्षाला लाखभर उंदीर पाळणारी ती माणसं, आणि इकडे बकऱ्यांच्या कोठ्यात माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली नोंद उभी. चाळीस वर्षं राखणदारांचा अभ्यास केला आणि शेवटी मला राखणदारानंच गाठलं. सूर्यभानला सांग, मी रागावले नाही. दोनच खाल्ली हे मात्र मी मानत नाही.

एक तुला सांगितलं नव्हतं. शकुन गेली त्यानंतर मी तिला शोधलं नाही. पाच महिने अमरावतीत होते, अचलपूर दीड तासावर होतं. गेले नाही. गोळ्या बंद करून मी किडनी घालवली असेल, किंवा उशिरा बंद करून बाई घालवली असेल, अशी भीती होती. इंग्लंडचं पत्र आलं आणि मी पळाले. लोकांना ती बढती वाटली.

आणि आता पेटी नाही.

जे असेल ते लिही. वाईट असलं तर आधी लिही, गाढव-फ्रिज नंतर.

आत्या


अचलपूरजवळ, नत्थुजींच्या बागेतून
२४ नोव्हेंबर

आत्याबाई,

जिवंत आहे!

आधी लिहिलं. आता गाढव-फ्रिज लिहितो.

अमरावतीहून बसलो तो गाडीत शेजारी काळ्या वस्त्रातली म्हातारी महानुभाव मंडळी, इतकं गोड बोलणारी की त्यांच्याबरोबर रिद्धपूरलाच उतरलो. त्यांनी जेवू घातलं, पाटावर बसवून. दुसऱ्या दिवशी अचलपूर. तिथं एका मांडवापाशी पोपटाचा कागद दाखवला तर मला नवरदेवाकडचा समजून आत नेलं. पंगत उठेपर्यंत मला बोलूच देईनात. मग परतवाड्याला पेट्या ठोकणारा एक सुतार भेटला. त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला, अन् हसला. "मान वाकडी हाये ना? हे छाप मीच कापली. शिंक आली होती. नत्थुजीची पेटी हाये ही."

अचलपूरपासून सात-आठ किलोमीटर बाग. नत्थुजी जाऊन सात वर्षं झाली, पण छाप त्यांच्याच नावानं चालते. पोचलो तर बाजेवर एक म्हातारी, सुपारी कातरत. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "विमेवाला असशीन तं मी मेली म्हून लिव."

मी म्हटलं, मी मंजुषा डॉक्टरीण बाईंचा भाचा.

आत्या, अडकित्ता खाली ठेवला गं तिनं. आणि ओरडली, "शकुन! अवं शकुन, बाईनं मानूस धाडला! मी म्हतलं होतं ना, पेटी नाई गेली तं इचारतीन म्हून!"

आणि रोपवाटिकेतून एक बाई उठून आली. पन्नाशीला टेकलेली, उंच, हातात चाकू, तोंडात प्लास्टिकची पट्टी. जंबेरीला डोळा बांधत होती. पट्टी काढून म्हणाली, "बाई बऱ्या हायेत ना?" मी काय सांगू? मी एवढंच म्हटलं, "तुम्ही?"

"मले काय झालं?" म्हणाली.

पेटी काहून आली नाही ते ऐक. ह्या साली पावसानं फळाची गळ झाली, आंब्या बहाराचं, म्हणजे दिवाळीच्या सुमारास पिकणारं, एक संत्रं झाडावर राहिलं नाही. रक्त तपासलं, आकडा आला, पेटी रंगवून ठेवली. मला दाखवली. पोपट, खाली १.३, आतून कोरी. मी म्हटलं, मग पाठवायची ना! तर पार्वताबाई काय तापल्या! "रिकामी पेटी पाठवू? वीस साल भरून पाठवली अन् आता रिकामी? काय म्हणतीन बाई, पार्वताचं घर बसलं म्हणतीन!" शकुनताई (त्या सासूला आत्याबाई म्हणतात) मागून म्हणाल्या, "मी म्हतलं, आत्याबाई, चिठ्ठी तरी टाका. तं म्हणते, चिठ्ठी काय खातेत?"

मग मी सांगितलं. कसं सांगितलं माहीत नाही, उभा राहून की बसून. की बाई ऑगस्ट २००५ लाच विलायतला गेल्या. की एकही पेटी त्यांना मिळाली नाही. की पेट्या वॉचमन सूर्यभानजी घेत होते.

पार्वताबाईंनी अडकित्ता परत उचलला. मला वाटलं आता अडकित्ता माझ्याकडे येतो. मग म्हणाल्या, "म्हंजे वीस साल मी वाचमनले रिपोर्ट धाडला?"

"हो."

"अन् 'पोचली, गोड होती' कोण म्हणे?"

"तेच."

आणि हसायला लागल्या! आत्या, बाजेवर आडव्या झाल्या हसून हसून. एकच किडनी आहे त्यांना, मला भीती वाटली. शकुनताई चाकू टाकून मातीत बसल्या हसत. मीही. गडी लोक बघायला आले, त्यांना कोणीच सांगेना, तरी तेही हसले. पार्वताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मानूस चांगला हाये पण तो. वीस साल एकदाही आंबट नाई म्हतलं."

तुझी शंका मी विचारली. की त्या रागावून सुनेला घेऊन गेल्या का. "कायचा राग बावा? मृगाचा माल झाडावर होता, तोडाईले मानसं दारात उभी होती. अन् मी ओरडली नाई तिथं, मी तशीच बोलतो." एक गोळी तुझ्या हिशेबानं अजून चालू आहे, कॅन्सरची तपासणी दरवर्षी नागपूरला होते, सगळं साफ. २०११ च्या २.३ चं विचारलं. शकुनताईंनी मान खाली घातली. त्या साली एका बाबाचा काढा घेतला होता, गुपचूप. पार्वताबाईंना कळलं तेव्हा त्यांनी काढा उकिरड्यावर ओतला आणि सुनेला म्हणाल्या, "तुह्या पोटात माही वस्तू हाये. तिच्यावर काही ओतायचं असलं तं मले इचारायचं."

भाषणाला या म्हटलं. पार्वताबाई लगेच लुगडं काढायला निघाल्या. शकुनताई म्हणाल्या, नाही. गावात अर्ध्यांना किडनी माहीत आहे, दुसरं कोणालाच नाही, आणि तसंच राहू द्यायचं आहे. "पण पेट्या दाखवा म्हणा बाईले. पोपटाले कोण वळखते?"

मी चार दिवस इथंच आहे. डोळा बांधायला शिकतोय. काल दहा बांधले. शकुनताई म्हणाल्या, सहा उलटे बांधले.

नितेश


अकोला
१७ डिसेंबर

पार्वताबाई आणि शकुन,

दोघींना नमस्कार. भाषण झालं. तुमचा मान आधी सांगते.

नितेशनं टेम्पोतून पेट्या आणल्या. एकोणीस जुन्या आणि ह्या सालची रिकामी. बकऱ्यांसाठी त्यानं आणि त्याच्या बँडनं टिनाचा कोठा करून दिला, तेव्हाच सूर्यभाननं पेट्या सोडल्या. स्टेजवर सालाप्रमाणे रचल्या. २०१३ च्या जागी मोकळी जागा ठेवली. पहिल्या रांगेत मोठे मोठे प्रोफेसर बसले होते आणि सभागृहात बकऱ्यांचा असा वास, की दोघांनी रुमाल काढले. मी म्हटलं, "नाकं सोडा. ही वीस वर्षांची माहिती आहे, आणि ह्यातली एक नोंद शेकोटीत गेली, तीही मी लपवत नाही." नाव सांगितलं नाही. गाव नाही. पडद्यावर फक्त पोपट होता. कोणीतरी विचारलं, "रुग्णाची सध्याची स्थिती?" मी म्हटलं, "१.३, आणि संत्र्याची गळ झाली म्हणून नाराज."

एका बाईवरून शास्त्रात काही सिद्ध होत नाही, हेही मी तिथं सांगितलं. सांगावंच लागतं. राखणदारांनी ही किडनी आपली का मानली, हे मला आजही ठाऊक नाही. माहीत नाही असं म्हणताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता माझं. शकुन, त्या दिवशी तुझ्या गोळ्या मी बंद केल्या आणि नंतर तुला शोधायची हिंमत केली नाही. तू मात्र दरवर्षी कळवत राहिलीस. त्याबद्दल मला माफी मागायची आहे आणि ती कशी मागतात ते मला येत नाही. माझ्याकडे तुमची एक पेटी रिकामी आहे. रिकामी परत करता येत नाही, हे पार्वताबाईंइतकं मलाही कळतं. म्हणून मी रव्याचे लाडू केले. जन्मात पहिल्यांदा. पाक थोडा पुढं गेला. पेटीच्या दुसऱ्या बाजूला माझाही आकडा रंगवला आहे, कालच रक्त तपासलं: ०.९.

पोचल्याचं कळवा.

मंजुषा


बागेतून
२३ डिसेंबर

डॉक्टरीण बाई,

नमस्कार. हे मी स्वतः लिहून राहिली, नितेश नाही. त्याच्या हाती दिलं असतं तर रिद्धपूर, फ्रिज सगळं आलं असतं. तो भाषण आटोपून परत इथंच आला आहे. दहातले आता सात डोळे लागतात. बाकी तिनाच्या वेळी गोष्ट सांगत असतो.

माफीचं लिहिलं तुम्ही. मले वाटते तुम्ही एक विसरल्या. त्या दिवशी वॉर्डात आत्याबाई ओरडून गेल्यावर तुम्ही माह्या खाटेवर बसल्या. खाटेवर डॉक्टर बसते हे मी तोवर पाहिलं नव्हतं. तुम्ही विचारलं, "शकुन, किडनी राखू का तुले राखू?" मले कोणीच काही विचारत नव्हतं तेव्हा, ना नागपुरात ना घरी. मी म्हटलं, दोन्ही. तुम्ही हसल्या. म्हणाल्या, "बाई, दोन्ही मले जमत नाही."

जमलं की.

तुमचा ०.९ आत्याबाईनं देवापाशी ठेवला आहे. म्हणतेत, बाईची तब्येत बरी दिसते, आता दरसाल कळवायले सांग. दिवाळीनंतर पंधरा दिवसांच्या आत. पेटी आमचीच वापरा. ह्या वर्षी मृगाचा बार चांगला आहे, फेब्रुवारीत तोडाई आहे, तेव्हा तुम्ही स्वतः या. सूर्यभानजीलेही आणा, त्याईचे दोन संत्रे काढून ठेवतो.

लाडू पोचले. गोड होते.

आत्याबाईनं बत्त्यानं फोडले.

तुमची
शकुन